सिदबा तात्याची पाटी

एकदा एका शिष्याचं डोकं फिरलं. भर वर्गात त्येनं खडू भिंतीवर फेकून मारला आनि वरडला, "तुमच्यापरीस तुमची मेंढरं बरी! शिट्टी घातली तर वळत्यात तरी. तुमी दगडं हाय, निस्ती दगडं!"

वर्गात समदी मोठी मानसं बसल्याली. मिशा पिकल्याली, नातवंडं खांद्यावर खेळवल्याली. पन कुनी हुं का चूं केलं न्हाई. मान खाली घालून पाटी पुसत बसली.

आता ह्यो शिष्य आसा का तापला ते आदी सांगतो. मोठ्या मानसांला दगडं म्हननं वाईटच. पन तापल्याल्या गड्याची बी एक बाजू आसती, ती ऐकून घ्यावी, मंग शिव्या द्याव्या.

एक म्हातारे गुरुजी व्हते. त्येंचा समदा जलम मोठ्या मानसांला लिवाया-वाचाया शिकवन्यात गेला. पोरांला शाळा आसती, पन बापाला आनि आज्जीला कोन शिकवनार, आसं म्हनून त्येंनी शिष्य तयार केले आनि एकेकाला एकेक वस्ती नेमून दिली. ह्या तरन्या शिष्याच्या वाट्याला आली माळावरची मेंढपाळांची वस्ती.

मेंढपाळांचं काम वेगळं. पावसाळ्यात ती आपल्या माळावर. दसरा झाला की घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं, मेंढरं म्होरं घालायची आनि कोकनाची वाट धरायची. मिरगाला परत. म्हंजे शिकवायचं तर पावसाळ्यातच. आनि पावसाळ्यात गवतावरचं दंव वाळल्याबिगर मेंढरू सोडत न्हाईत, वल्लं गवात खाऊन त्येचं पोट फुगतं. तवा रोज सकाळी दंव वाळंस्तवर मानसं मोकळी. तेवढ्या येळात बिरोबाच्या देवळाच्या पडवीत वर्ग भरायचा.

पयल्या दिशी शिष्यानं इचारलं, "तुमाला कशापायी शिकायचंय?"

कुनी म्हनलं, रस्त्यावरच्या पाट्या वाचाया. कुनी म्हनलं, सहीला आंगठा द्याची लाज वाटती. बनाबाई नावाची एक तरनी सून कोपऱ्यात पदर वढून बसल्याली. ती काय बोलंना. तवा तिची आतेसासू जनाक्का बोलली. जनाक्काच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

"हिला बाटलीवरचं वाचाया पायजे, मास्तर. कोकरांचं औशिदपानी हीच बगती. गेल्या साली वाटंवर दोन बाटल्या व्हत्या, दिसाया सारख्याच. एक जंताची, पाजायची. दुसरी गोचडाची, आंगाला लावायची. हिनं गोचडाची पाजली. सकाळी कोकरं ताठ हुऊन पडल्याली. तवापासनं ही बाटलीला हात लावत न्हाई, आनि कोकरू मांडीवर घेतलं की रडती. औंदा वाचाया न्हाई आलं तर ही संगं येत न्हाई म्हनती. आनि बाई संगं न्हाई आली तर चूल कोन पेटवनार, कोकरं कोन संबाळनार? तिच्या नवऱ्याचं बिऱ्हाडच मोडलं की!"

बनाबाईनं पदर आजून फुडं वढला. शिष्याला ते काळजाला लागलं. त्येनं मनात धरलं, दसऱ्याच्या आदी ह्या बाईला वाचाया आलंच पायजे.

शिष्य वाईट नव्हता. मन लावून शिकवायचा. भिंतीवर अक्षरं काढायचा, अक्षरांचे शब्द करायचा, शब्दांच्या वळी करायचा. आनि मान-पान बी जानायचा. वस्तीचा कारभारी सिदबा तात्या, बनाबाईचा सासरा. मेंढरं कुनीकडं वळवायची, तळ कुटं टाकायचा, समदं तात्याच्या शब्दावर. शिष्यानं इचार केला, हेला जितलं की वस्ती जितली. म्हनून रोज पयला सवाल तात्याला.

"तात्या, ह्यो कोन?" भिंतीवरल्या अक्षरावर काठी ठिवून शिष्य इचारायचा.

तात्या डोळं बारीक करायचा. "ह्यो व्हय... काल वळख करून दिली व्हतीस की."

"दिली व्हती. मंग कोन?"

"तुझाच कुनीतरी पावना दिसतोय."

वर्ग हसायचा. तात्या बी हसायचा, पन त्येच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. वय झाल्यालं. आज सांगितलं की उद्या सकाळी दंवासंगं उडून जायचं.

शिष्य मंग दुसऱ्याकडं वळायचा. "धुळा, तू सांग."

धुळा तात्याचा पुतन्या, दांडगा गडी, बैलासारखी मान. तो तात्याकडं बघायचा, पाटीकडं बघायचा आनि म्हनायचा, "न्हाई येत, मास्तर."

"जनाक्का?"

"माझ्या डोळ्याम्होरं मुंग्या नाचत्यात, बाबा."

"बनाबाई?"

पदर हलायचा. बास. आवाज न्हाई.

आसा श्रावन गेला. गनपती आले, गेले. शिष्य भिंतीवर म्होरं म्होरं लिवत ऱ्हायला, आनि मागं वळून इचारलं की समदे मुके. येळंला येत्यात, पाटी धरत्यात, कान दिऊन ऐकत्यात, आनि तोंडातनं एक अक्षर काडत न्हाईत. आता तुमी सांगा, मानूस तापंल का न्हाई? दसरा तोंडावर आला तवा त्येचा तोल गेला आनि तो खडू भिंतीवर फुटला.

त्याच दिशी तो उठला आनि तडक गुरुजींकडं गेला.

"गुरुजी, वस्ती बंद करा. त्येंच्या डोक्यात काय शिरत न्हाई. माझी बी हौस फिटली."

गुरुजी सुपातलं तांदूळ निवडत बसल्याले. मान वर न करता म्हनले, "तू त्येंच्यात जेवलायस का कवा?"

"जेवान देवळात येतं की. येगळं ताट. लई जपत्यात मला."

"म्हंजे न्हाई जेवलास." गुरुजींनी सूप बाजूला ठिवलं, पायात वहाना सरकवल्या. "चल."

वस्तीवर आल्यावर गुरुजींनी वर्गाचं नाव काडलं न्हाई, भिंतीकडं बघितलं न्हाई. सिदबा तात्याच्या आंगनात गेले आनि म्हनले, "आज आमी तुमच्या संगं जेवनार. येगळं ताट नको."

आंगनात गोल करून समदी बसली. भाकऱ्या आल्या, कोरड्यास आलं, कांदा फोडला. पन तात्या एका लंगड्या मेंढीच्या खुराला तेल लावत बसल्याला. लावतोय, लावतोय, हात पुसतोय, परत लावतोय. भाकरी निवली. धुळा आवंडा गिळत व्हता. एवढा रानगट गडी, पन भाकरीला बोट लावंना. शिष्याला भूक लागल्याली. त्येनं तुकडा मोडला, तोंडाकडं न्हेला, आनि गुरुजींनी त्येचं मनगाट धरलं.

"थांब."

तात्या आला, बसला, घास तोंडात घातला. मंग समद्यांचे हात एकदम हालले.

"रोज आसंच आसतं का, बाई?" गुरुजींनी जनाक्काला इचारलं.

"तर! वाडवडलांपासनं. त्येच्या आदी घास घेतला म्हंजे जित्त्या मानसाला मेलास म्हनन्यासारखं की वो."

गुरुजी हसले. शिष्याला वाटलं, म्हातारा जेवनावर खूश झाला.

दुसऱ्या दिशी सकाळी वर्ग भरला. गुरुजी उठले, तात्याजवळ गेले आनि त्येच्या मांडीवरली पाटी उचलून घेतली.

"तात्या, उठा. आजपासनं तुमचं शिकनं बंद."

शिष्याच्या तर पायाखालची जमीनच सरकली. जेला मान दिऊन दिऊन आपुन संबाळला, त्येचीच पाटी गुरुजींनी चारचौघांत काडून घेतली! धुळा उठला, काठीला हात घातला. "ओ म्हातारं! तोंड संबाळा. आमचा कारभारी हाय त्यो. पाटी ठिवा खाली!"

"बस रे," तात्या म्हनला. तो गुरुजींकडं बघून म्हनला, "म्हंजे मी नापास व्हय?"

गुरुजींनी उलट इचारलं, "तात्या, तुमच्या थोरल्याच्या लग्नात तुमी कवाच्या पंगतीला जेवलात?"

"शेवटच्या."

"का? भूक नव्हती?"

"भूक नसाया काय झालं!" तात्या आता चिडला. "दिवसभर पळापळ, पोटात कावळं वरडत्यात. पन यजमान मानूस पावन्यांच्या आदी जेवतो व्हय? लाज हाय का न्हाई?"

"मंग ह्या पावन्यांला," गुरुजींनी वर्गावरनं हात फिरवला, "तुमी एवढं दिस उपाशी का ठिवलंय?"

 

गुरुजींनी खांद्यावरचं उपरनं काडलं आनि तात्याच्या डोक्याला बांधलं, लग्नात यजमानाला बांधत्यात तसं. कोपऱ्यातला पान्याचा तांब्या त्येच्या हातात दिला. "ही पडवी तुमच्या दारात. हा वर्ग तुमच्या घरचं कार्य. समद्यांला पोटभर वाढा, तात्या. तुमचं पान शेवटी."

तात्या कितीतरी येळ तांब्याकडं बघत हुबा ऱ्हायला. म्हातारा अक्षर इसरायचा, पन व्यवहाराला येडा नव्हता. हळूहळू त्येनं मान वर केली. एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. धुळाची नजर खाली. जनाक्काची नजर भाईर. सून पदराचं टोक बोटाला गुंडाळत व्हती. आनि म्हाताऱ्याला काय कळायचं ते कळलं.

त्येनं घसा खाकरला. "बने."

"जी, मामंजी."

"ती गोचडाची बाटली कुटं हाय?"

"छपरात. वर खोवून ठिवलीय."

"आन."

तिनं आनली. बाटली दोनी हातांनी घट्ट धरल्याली. तात्यानं तोंड दुसरीकडं केलं, सुनेला सासऱ्याम्होरं बोलाया अवघड जाऊ नये म्हनून, आनि भिंतीकडं बघत म्हनला, "आगं, पावन्यानं यजमानाला आग्रह कराया लावू नये. घे वाढून."

बनाबाई पदराआडनं वाचाया लागली. एकेक अक्षर, पन न चुकता.

"फक्त... अंगाला... लावण्यासाठी." मधी थांबून तिनं डोळं पुसलं, परत बाटली धरली. "तोंडावाटे... देऊ नये."

जनाक्का "आगं बया!" म्हनून तोंडाला हात लावून बसली. शिष्य भिंतीला टेकला.

"कवापासनं येतंय तुला हे?" तात्या अजून भिंतीकडंच बघत.

"नागपंचमीपासनं, मामंजी."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमच्या आदी कशी बोलू?"

तात्या वळला. म्हाताऱ्याचं डोळं भरल्यालं, पन आवाज कडक. "धुळा! तुला कुटपातुर येतंय?"

धुळानं मान खाजवली. "भिंतीवरचं समदं येतंय, तात्या. देवळाच्या कमानीवरचं बी."

"आनि तू, जने? तुझ्या मुंग्या?"

"गेल्या कवाच्या वारुळात," जनाक्का म्हनली. "पन तुझ्या म्होरं कशाला तोंड वासू, दादा?"

मंग काय इचारता! तात्यानं तांब्या हातात धरून पडवीत येरझारा घालाया सुरुवात केली. लग्नात यजमान जिलबीचं ताट घिऊन जसा पंगतीवरनं फिरतो, तसा. "वाच की, लाजतोस कशाला! आजून एक वळ घे. एकच! माझ्या गळ्याची शपत हाय. जने, तुझं पान रिकामं दिसतंय गं!" आनि मानसं वाचत सुटली. वाचता वाचता आडकत व्हती, एकामेकाला सांगत व्हती, हसत व्हती. जेला घसा कोरडा पडंल त्येला तात्या पानी पाजत व्हता. त्या दिशी दंव कवाच वाळलं, मेंढरं वाड्यात वरडाया लागली, पन उठतंय कोन?

गुरुजी निघाले तवा शिष्य त्येंच्या संगं माळाच्या कडंपातुर आला. तोंड उतरल्यालं.

"गुरुजी, मी तर तात्याला मानच दिला. रोज पयलं त्येलाच इचारलं."

"मान दिलास, पन तो वाटंत आडवा टाकून ठिवलास," गुरुजी म्हनले. "वलांडायचा कुनी? पोरगं शाळंत येतं ते मोकळं येतं. मोठा मानूस एकटा येत न्हाई. त्येच्यासंगं त्येचा सासरा येतो, सून येती, थोरला भाऊ येतो, आनि कोन कुनाच्या आदी बोलतं त्येची रीत येती. ती रीत पायतानासारखी दाराभाईर काडून ठेव म्हनलास, तर तो बी भाईरच बसंल. पन त्येंच्याच रीतीत एक दार आसतंय जे आत उघडतंय. तेवढं हुडकायचं. ते भिंतीपाशी हुबं ऱ्हाऊन सापडत न्हाई, मांडीला मांडी लावून जेवताना सापडतं."

शिष्य मान हलवत चालला. मंग म्हनला, "पन गुरुजी, तात्या तसाच अडानी ऱ्हायला."

"त्येची पंगत व्हायची हाय अजून," गुरुजी म्हनले आनि वाटंला लागले.

शिष्य माघारी आला. पयलं काम त्येनं केलं ते म्हंजे समद्यांम्होरं हात जोडून म्हनला, "तुमाला दगडं म्हनलो. दगूड मी व्हतो." धुळा म्हनला, "जाऊ द्या मास्तर, खडू तुमचाच फुटला." त्या दिवसापासनं येगळं ताट बंद झालं.

दसरा झाला. बिऱ्हाडं बांधली. निघायच्या आदल्या दिशी सकाळी पडवीत शेवटचा वर्ग भरला. बनाबाई संगं निघाली व्हती. औशिदाच्या साऱ्या बाटल्या तिनं आपल्या हातानं पिशवीत भरल्या, एकूनएक वाचून. समद्यांचं वाचून झालं तवा सिदबा तात्यानं डोक्याचं उपरनं सोडलं, घडी घालून बाजूला ठिवलं, आनि मधोमध मांडी घालून बसला.

"जेवले का समदे पावने?"

"जेवले, तात्या."

"मंग यजमानाला वाढा कुनीतरी."

शिष्य खडू घिऊन फुडं झाला. दोन पावलं गेला आनि थांबला. मागं वळून त्येनं खडू बनाबाईच्या हातात ठिवला.

"मी?" ती दचकली. "मामंजींला मी कशी..."

"का गं?" जनाक्का म्हनली. "रोज भाकरी वाढतीस तवा बरी लाजत न्हाईस!"

बनाबाई पदर सावरून सासऱ्याम्होरं बसली. पाटीवर एकच अक्षर काडलं, मोठं, ठसठशीत. पाटी ताटासारखी दोनी हातांनी त्येच्याफुडं सरकवली.

तात्यानं डोळं बारीक केलं. कुनी हासलं न्हाई, कुनी घाई केली न्हाई. मेंढरं वाड्यात वरडत व्हती. म्हाताऱ्याचं बोट अक्षरावरनं हळूहळू फिरलं, वरनं खाली, परत वर.

"भ," तात्या म्हनला. "भाकरीचा."

"आजून वाढू का, मामंजी?"

"वाढ की. उपाशी मानसाला इचारत्यात व्हय?"

अडानी मानूस शिकत न्हाई म्हनून वरडनाऱ्यानं आदी बघावं, तो कुनासाठी थांबलाय.